बोरीबंदरात डिझेलच्या आधी वीज कशी आली?

"आधी वाफ, मग डिझेल, मग वीज." शाळेच्या तक्त्यावर हा क्रम छान दिसतो. विद्युतीकरणाची बातमी आली की वर्तमानपत्रंही तोच गिरवतात. मुंबईला मात्र तो लागू पडत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी वाफेवर धावली आणि 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी सुटली. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन भारतात आलं 1962 मध्ये. म्हणजे वीज डिझेलपेक्षा एका पिढीने थोरली.

कारण शोधायचं तर फलाटाच्या टोकाला, रूळ संपतात तिथल्या अडथळ्यापाशी, म्हणजे बफरपाशी जाऊन उभं राहावं. वाफेचं इंजिन डबे ओढत टर्मिनसमध्ये शिरलं की बफर आणि डब्यांच्या मध्ये अडकायचं. दुसऱ्या इंजिनाने मागून डबे ओढून नेल्याशिवाय किंवा बाजूच्या रुळावरून वाट काढल्याशिवाय ते सुटत नसे. मग पाणी, कोळसा, राख झाडणं. थंड बॉयलर तापवायला सहा-आठ तास सहज जात. घाई केली तर पत्रे कमीजास्त प्रसरण पावून सांधे गळू लागत. लोकलला असा वेळ कोण देणार? विजेच्या लोकलमध्ये मोटरी डब्यांखालीच असतात आणि दोन्ही टोकांना केबिन. गाडी उलटी न्यायची तर मोटरमनने या टोकाकडून त्या टोकाला जायचं, बस. शिवाय खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देतच होतं, आणि कोळसा मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. बोरघाटातला 37 फुटांमागे एक फूट चढ हे आणखी एक निमित्त झालं. 1929 च्या सुमारास तारा थेट पुण्यापर्यंत पोहोचल्या.

पुण्यापुढे दौंड आणि मिरजेकडे मात्र तारा नव्हत्या. तिथे वाफेची जागा डिझेलने घेतली. लोकांना वाटतं, डिझेल इंजिन म्हणजे मोठा ट्रक. तसं नाही. ते स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारं विजेचंच इंजिन आहे.

असं का, ते नीट पाहू. वाफेचा दट्ट्या चाक फिरत नसतानाही पूर्ण जोर लावतो, कारण वाफेचा दाब बॉयलरमध्ये तयार असतो. दोन बाजूंच्या क्रँका (दट्ट्याच्या जोराने चाक फिरवणारे दांडे) एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या असतात. एक मृतबिंदूवर, म्हणजे जिथे दट्ट्याचा जोर चाक फिरवूच शकत नाही तिथे, असली तरी दुसरी ढकलते. डिझेलला हे जमत नाही. त्यात हवा दाबून तापवायची आणि मग तेल फवारायचं, म्हणजे तो आधी फिरत असायलाच हवा. डब्ल्यूडीएम-2 चा 16 सिलिंडरांचा संच भार नसतानाही मिनिटाला 400 फेरे घेतो आणि आठव्या नॉचला (शक्ती वाढवायच्या दांडीच्या शेवटच्या खाचेला) 1000. थांबलेल्या हजार टनांच्या गाडीला हा फिरता दंड जोडायचा कसा? 2600 अश्वशक्ती पेलणारा क्लच पहिल्याच आठवड्यात जळेल. म्हणून दंडाला जनरेटर जोडतात आणि त्याची वीज सहा आसांवरच्या सहा मोटरींना देतात.

या मोटरी सिरीज जोडणीच्या. त्यांच्यात एकच प्रवाह फिरत्या भागातून आणि चुंबकाच्या वेटोळ्यातूनही जातो, म्हणून लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होईपर्यंत पीळ (फिरवण्याचा जोर) साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडी उभी असताना मोटर उलटा व्होल्टेज निर्माण करत नाही, त्यामुळे प्रवाह भरपूर आणि पीळही भरपूर. नेमका तेव्हाच तो हवा असतो. वेग वाढला की मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज उभा करते आणि प्रवाह घटतो. आता खरी गंमत. डिझेल संच देतो ती शक्ती ठरलेली, आणि शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. प्रवाह घटला तर व्होल्टेज तेवढाच वाढायला हवा. हे काम फेरे राखणारा गव्हर्नर करतो. तेलाचा रॅक (तेल किती सोडायचं ते ठरवणारा दांडा) पूर्ण उघडूनही फेरे कमी पडू लागले, तर तो लोड कंट्रोल रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा विजेचा रोध) फिरवून जनरेटरची चुंबकशक्ती कमी करतो. फेरे वाढू लागले तर उलट. दुसरीकडे वेगासोबत मोटरींच्या जोडण्या बदलतात आणि चुंबकक्षेत्र मुद्दाम क्षीण केलं जातं. हा परिच्छेद दोनदा वाचावा लागला तर संकोच नको, शेडमधले नवे लोकही इथेच अडखळतात.

सुटताना काळा धूर का येतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. नॉच वाढवला की तेल लगेच वाढतं, पण हवा पुरवणारा टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात अर्धवट जळालेलं तेल बाहेर पडतं.

"डिझेल इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरूच होत नाही," ही अफवा समाजमाध्यमांवर फिरते. खोटी आहे. सुरू होतं, बॅटरीवर जनरेटरच उलटा मोटरीसारखा फिरवून. तरी तासाला 20-25 लिटर जाळत ते चालू ठेवतात, कारण ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर त्याच दंडावर असतो. हवा गळाली की ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जागच्या जागी खिळते.

पुण्यात विजेचं इंजिन काढून डिझेल लावताना हीच हवा कळीची असे. आधी दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (हवेच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या तोट्या) बंद करायचे, मग नळी सोडायची. उलट केलं तर दाबातली नळी सापासारखी उसळते. नवं इंजिन जोडलं की नळ्या लावून कॉक उघडायचे. ब्रेक पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला 5 किलो आणि हवेचा साठा भरणाऱ्या फीड पाइपमध्ये 6 किलो दाब भरू द्यायचा. मग गार्डने मागच्या डब्यातून दाब पाडायचा आणि ड्रायव्हरने आपल्या काट्यावर तो पडताना पाहायचा. एखादा कॉक चुकून बंद राहिला तर मागच्या डब्यांपर्यंत ड्रायव्हरचा ब्रेक पोहोचतच नाही. नव्या इंजिनाला लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला, तरी तो कॉक उघडत नाही. तो हातानेच उघडावा लागतो.

1925 च्या 1500 व्होल्ट डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) मर्यादा साध्या गुणाकारात दिसते. 3000 किलोवॉट घेणाऱ्या गाडीला 2000 अँपिअर लागतात. आजच्या 25,000 व्होल्ट एसीला फक्त 120. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तार जाड आणि उपकेंद्रं जवळजवळ. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांनी 2012 मध्ये डीसी सोडली, हार्बरने 2016 मध्ये. विजेला "शून्य प्रदूषण" म्हणणाऱ्यांनी कोराडी आणि चंद्रपूरच्या धुराड्यांकडेही एकदा पाहावं. तो धूर मुंबईकरांच्या नाकातून उठून विदर्भात गेला, एवढंच.

2022 मध्ये कोकण रेल्वेच्या 741 किलोमीटरवर तारा पूर्ण झाल्या. तेव्हापासून डिझेलचं शिंग कोकणात क्वचितच ऐकू येतं. ओव्हरहेड वायर तुटली की दुरुस्तीला निघणारी टॉवर वॅगन मात्र डिझेलवर चालते. जी तार जोडायला ती निघते, तिच्यात तेव्हा वीज नसते.