पॉइंट, कॉमा आणि नंबरचा रकाना

दशांशासाठी पॉइंट लिहायचा की कॉमा, हा घोळ गोव्यात संगणकाच्या आधीचा. पोर्तुगीज पद्धतीत पॉइंट हजारांसाठी आणि कॉमा दशांशासाठी. पोर्तुगीज अमदानीतल्या कागदावर क्षेत्रफळ '१.२५०' असेल तर ते बाराशे पन्नास चौरस मीटर. तोच आकडा आज ऑनलाइन फॉर्मात जसाच्या तसा टाइप केला की सव्वा चौरस मीटर जमीन उरते, आणि एरर कुठेच येत नाही. (पैशांचं आणखी निराळं: एस्कुदो आणि सेंतावुश या पोर्तुगीज नाण्यांच्या आकड्यांमध्ये डॉलरसारखं चिन्ह.)

वेबवर सुरुवातीला फॉर्म मजकूर पाठवायचा आणि अर्थ सर्व्हर लावायचा. सर्व्हरवरच्या पीएचपी या भाषेत पोर्तुगीज लोकेल (म्हणजे त्या भाषेची लिहायची पद्धत) लावलं की दशांश संख्या छापतानाच कॉमा यायचा आणि डेटाबेसला दिलेल्या एसक्यूएल आज्ञेत एकाचे दोन आकडे व्हायचे. ही खोड २०२० साली, ८.० आवृत्तीत गेली. ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये माहिती नेणाऱ्या जेसन या मांडणीत मात्र पहिल्यापासून पॉइंटच, त्यामुळे वाटेतला प्रश्न मिटला. उरला तो टाइप करणाऱ्याचा.

तिथे वेबपानं लिहायच्या एचटीएमएल ५ ने नंबरचा खास रकाना दिला. आत किंमत नेहमी पॉइंटची, दाखवायची मात्र वापरणाऱ्याच्या भाषेप्रमाणे. पण भाषा कुणाची? फायरफॉक्स पानाची भाषा बघतो, क्रोम स्वतःची. म्हणजे पणजीत बनवलेलं पान लिस्बनमध्ये कसं दिसेल, हे बनवणाऱ्याच्या हातात राहिलंच नाही. त्यात टाइप केलेलं ब्राउझरला पटलं नाही, तर कोडला मिळते रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर. समोर '१२,५०' दिसत असलं तरी. निर्णय कागदावर देखणा होता, पण कामाचा अर्धाच. शेवटी बरेच जण मुकाट्याने साध्या टेक्स्ट रकान्याकडे परतले.

परतले खरे, पण मग आकडा वाचायचा कसा? ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट भाषेचं पार्सफ्लोट हे मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन (इंग्रजी अंकांत टाइप केलेल्या) '१२,५०' चे सरळ १२ करतं. २०१२ मध्ये जावास्क्रिप्टला इंटल हा भाषावार मांडणीचा भाग मिळाला; त्यात आकडा लोकेलप्रमाणे लिहायची सोय होती, उलट वाचायची नव्हती. '१.२५०' पाहून अंदाज बांधणं धोक्याचं, हा त्यामागचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण परिणाम असा की ज्याने त्याने कॉमाच्या जागी पॉइंट घालायची एक ओळ लिहिली, आणि '१.२५०,५०' पुन्हा सव्वावर आला. पुढे इंटलमध्ये आकड्याचे तुकडे वेगळे करून देणारं फॉर्मॅट-टू-पार्ट्स आल्यावर निदान त्या लोकेलचं दशांश चिन्ह कोणतं, हे विचारता येऊ लागलं.

मराठी लोकेल लावलं तर इंटल देवनागरी अंक देतं: १,२३४.५. तीच स्ट्रिंग जावास्क्रिप्टच्या नंबर या फंक्शनला परत दिली तर एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही'. पायथन या भाषेला देवनागरी अंक चालतात, फक्त आधी कॉमा काढावा लागतो.