जुन्याची खूण आणि जुन्याची अट

२१ डिसेंबर २०२४ ला 'सीआयडी' सहा वर्षांच्या खंडानंतर परत सुरू झाली आणि आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी शनिवार-रविवारची जेवणं दहाच्या आत उरकायला लागली. मालिका पहिल्यांदा आली १९९८ साली, तेव्हा दादा दहावीला होता. २०१८ मध्ये ती थांबली तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. आता बापलेक एकाच सोफ्यावर बसून ती बघायला लागले, आणि मला पडद्यापेक्षा त्या दोघांकडे बघण्यातच जास्त गोडी वाटायला लागली.

एका भागात दयानं दार तोडलं. दादा-वहिनींनी टाळ्या वाजवल्या. पोरगीही खुदकन हसली, "आत्या, एका लाथेत उघडलं बघ!" ही लाथ तिच्या वयापेक्षा जुनी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणून तिचं काही अडलंही नाही. पण मालिका परतण्याआधी जी जाहिरात फिरत होती, तिच्यात अभिजीत दयावर गोळी झाडताना दिसतो. ती बघून दादाचा चेहरा उतरला होता. पोरीनं शांतपणे विचारलं होतं, "ह्यातला चोर कोणता?"

दोन्ही ठिकाणी मालिका जुन्याच्याच आधारावर उभी आहे. आपण दोन्हीला एकच नाव देऊन मोकळे होतो: नॉस्टॅल्जिया, स्मरणरंजन. मला ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी वाटतात. पहिलीला मी खूण म्हणते, दुसरीला अट. खूण ओळखणाऱ्याला जास्तीचं सुख देते आणि न ओळखणाऱ्याकडे काही मागत नाही. अट आधीची ओळख मागते. ती ओळख नसेल तर प्रसंग कळतो, पण मनाला लागत नाही. दया आणि अभिजीत जिवाभावाचे मित्र आहेत, एवढं पोरीला सांगायला मला पाच सेकंद पुरले. त्या मैत्रीची वीस वर्षं तिला कशी द्यायची?

लांबलेल्या मालिकांबद्दल बोलताना लोक नेहमी वाटणीची भाषा करतात. जुन्या प्रेक्षकांना इतकं, नव्यांना तितकं, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी. खुणेला हे लागू पडत नाही, कारण तिला वेगळी जागाच लागत नाही. गुन्हेगार आत होता, दार बंद होतं, ते तोडावंच लागणार होतं.

'स्टार ट्रेक' ह्या अंतराळयानाच्या मालिकेनं हे फार सुंदर करून दाखवलंय. मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली. १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा कप्तान नवा, सगळी माणसं नवी, काळही बराच पुढचा. जहाजाचं नाव मात्र 'एंटरप्राइज'च राहिलं. सुरुवातीचं निवेदनही जवळजवळ तेच. जुन्यात 'जिथे आजवर कुणी पुरुष गेला नाही' अशा अर्थाचे शब्द होते, नव्यात ते 'जिथे आजवर कुणीच गेलं नाही' असे झाले. जुन्या माणसाच्या कानाला ओळखीचा ताल मिळाला आणि दार होतं त्यापेक्षा रुंद झालं. पहिल्याच भागात एक अतिशय म्हातारा अ‍ॅडमिरल जहाज बघायला येतो, थोडा कुरकुरतो, ह्या जहाजाला जीव लावा म्हणून सांगतो आणि निघून जातो. जुन्यांना कळतं की हा आपला डॉक्टर मॅकॉय, डीफॉरेस्ट केलीनं साकारलेला. त्या भागात त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. नव्या माणसाला दिसतो जहाजावर माया असलेला एक म्हातारा, आणि त्या प्रसंगाला तेवढं पुरतं.

ह्याच घराण्यातली 'एंटरप्राइज' ही मालिका २००१ ते २००५ अशी चार पर्वं चालली. तिचा शेवटचा भाग मात्र असा रचला, की 'द नेक्स्ट जनरेशन'मधले रायकर आणि ट्रॉय हे दोघे 'एंटरप्राइज'मधल्या खलाशांची अखेरची मोहीम आभासी खोलीत उभी करून बघतायत. त्यातला पेच रायकरच्या मनातला, आणि तोही अकरा वर्षांपूर्वीच्या एका भागातून आलेला. ज्यांनी चार पर्वं ह्याच माणसांवर जीव लावला होता, ते स्वतःच्या घरच्या निरोपसमारंभात पाहुणे झाले. पुष्कळ चाहत्यांना तो शेवट आजही सलतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ही श्रद्धांजली नव्हे, अट होती, आणि ती अगदी शेवटच्या दिवशी घातली.

'डॉक्टर हू'नं तर दोन्ही प्रकार करून बघितले. काळात प्रवास करणाऱ्या एका डॉक्टरची ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि १९८९ पर्यंत चालली. पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल बाजूला झाले तेव्हा, १९६६ साली, नायकाचं शरीरच बदलतं अशी युक्ती काढली, म्हणून ती इतकी टिकली. १९९६ मध्ये दूरचित्रवाणी-चित्रपट काढून तिला उठवण्याचा प्रयत्न झाला. तो सुरू होतो खलनायकाच्या खटल्याच्या निवेदनानं. पाठोपाठ जुन्या ग्रहांची, जुन्या शत्रूंची नावं येतात. मग सातवा डॉक्टर दिसतो, त्याला गोळ्या लागतात, तो इस्पितळात मरतो आणि बराच वेळ गेल्यावर पॉल मॅकगॅनच्या रूपात उठतो. नव्या प्रेक्षकाला नायक कोण हेच धड कळण्याआधी नायक बदललेला. त्यातून मालिका उभी राहिली नाही. त्याला इतरही कारणं होती, पण इतक्या अटी दारातच मांडणं हे माझ्या मते मोठं कारण.

२००५ साली रसेल टी. डेव्हिस यांनी ती परत आणली, ती रोझ नावाच्या, दुकानात काम करणाऱ्या एका मुलीच्या नजरेतून. तिला काहीच माहीत नाही, म्हणून आपल्यालाही माहीत नसलं तरी चालतं. डॉक्टर 'टाइम लॉर्ड' ह्या परग्रहावरच्या वंशाचा आहे हे पहिल्या भागात सांगतच नाहीत, ते येतं दुसऱ्या भागात. पण डॉक्टरचं कालयान असलेली निळी पोलीस-पेटी तीच आहे, रॉन ग्रेनर यांची धून तीच आहे, आणि पहिल्या भागातले जिवंत होणारे प्लास्टिकचे पुतळेही जुन्या मालिकेतलेच शत्रू आहेत. खुणा जागोजागी, अट एकही नाही.

म्हणून अट वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. इतकी वर्षं जपलेल्या नात्याचा उपयोगच करायचा नसेल तर मालिका एवढी लांबवायची कशाला? अट घालावी, पण तिची भरपाई त्याच प्रसंगात करावी. 'डॉक्टर हू'च्याच २००६ च्या एका भागात डॉक्टरची सत्तरच्या दशकातली सोबतीण सारा जेन परत आली, तीच अभिनेत्री, एलिझाबेथ स्लेडन. जुन्यांच्या घशात आवंढा. नव्यांना ती कोण हे माहीत नाही, आणि रोझलाही माहीत नाही. डॉक्टरनं तिचं नावही कधी काढलेलं नसतं. आपल्याआधी कुणीतरी होतं, त्याला एक दिवस मागे सोडलं गेलं, आणि उद्या हीच पाळी आपल्यावर येणार, हे रोझला तिथंच उमगतं. नवा प्रेक्षक सारा जेनसाठी रडत नसेल, रोझसाठी रडतो. 'मागील भागात' म्हणून तीन मिनिटांची झलक दाखवली असती तर माहिती मिळाली असती, हा चटका बसला नसता.

आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले'नं तिसरीच वाट काढली. २०१६ चं पहिलं पर्व सुरू होतं अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर. २०१९ मध्ये दुसरं पर्व आणताना गोष्ट पुढे न नेता मागे नेली, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. त्यामुळे सगळं ज्ञान उलटं फिरलं. नवा माणूस पहिल्यापासून बघतोय आणि त्याला काहीच कमी नाही. जुना माणूस मात्र अण्णांना वाड्यात वावरताना बघून मनात म्हणतो, हा मरणार आहे. माझी आई दुसऱ्या पर्वापासून बघायला लागली आणि माधव अभ्यंकरांच्या अण्णांनी तिला जखडून ठेवलं. पहिलं पर्व तिनं आजही बघितलेलं नाही.

'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं २०२१ चं पर्वही असंच. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित हे २००८-०९ च्या पर्वातले पाच जण परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले. आईला त्या खुर्च्यांवर तेव्हाची लहान पोरं दिसत होती, किती मोठी झाली म्हणून तिचे डोळे भरायचे. सात वर्षांच्या पुतणीला छान गाणारे ताई-दादा दिसत होते. एकाच चौकटीत दोघींना आपापलं मिळालं.

सांगलीत राहून हे लिहिताना विष्णुदास भावे आठवणारच. १८४३ साली इथल्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. गोष्ट रामायणातली, समोर बसलेल्यांना पाळण्यापासून ठाऊक असलेली. तरीही सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पदं म्हणायचा, आता कोण येतंय, काय घडतंय, ते गाऊन सांगायचा. ज्याला माहीत आहे त्याला चाल मिळाली, ज्याला नाही त्याला ओळख झाली. आपल्या गोष्टीहून जास्त ठाऊक असलेली गोष्ट देशात दुसरी नाही, हे माहीत असूनही भाव्यांनी प्रत्येक पात्राचं स्वागत नव्यानं केलं. आजच्या मालिका लिहिणाऱ्यांनी ह्या एका रीतीकडे नीट बघावं, असं मला फार वाटतं.

घरी आता मला पुतणीच्या प्रश्नांवरून ओळखता येतं. ती "हा कोण गं?" म्हणाली आणि नजर पडद्यावरच राहिली, की मी काही बोलत नाही. तिथं खूण आहे, आणि तिला कुतूहल आहे. "आत्या, हे सगळे रडतायत का?" असं विचारत ती माझ्याकडे वळली, की मी रिमोटवरचं बटण दाबून मालिका थांबवते आणि दादा जुन्या गोष्टी सांगायला पुढे सरकतो.