पाणी कुठवर येतं ते बघून भिंत: कोल्हापुरी घराची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पर्यावरणपूरक घराचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. मातीची भिंत चालेल का, आणि पुरात ती टिकेल का? यातला दुसरा प्रश्न जास्त जुना आहे. सिमेंट यायच्या कितीतरी आधी इथल्या गवंड्या-सुतारांनी त्यावर तोड काढली होती.

आधी जिल्ह्याची रचना बघू. पश्चिमेच्या गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर पूर्वेच्या शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पश्चिमेच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभा, मधल्या पट्ट्यात काळा पाषाण, पूर्वेला नदीकाठची गाळाची माती. बैलगाडीच्या काळात लांबून माल आणणं परवडत नसे. त्यामुळे आजरा-चंदगडकडे जांभ्याचा चिरा आणि करवीरात काळा दगड ही निवड बरीचशी जमिनीनंच केलेली होती. रंकाळ्याच्या जागी मुळात दगडाची खाण होती, असं सांगतात.

जुन्या घराचं जोतं घडीव दगडाचं आणि चांगलं उंच असे. त्यावर लाकडी खांब आणि तुळया, मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्याच्या (उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या), वर गावठी कौलं. पाणी लागण्याची शक्यता जिथवर, तिथवर दगड. त्याच्या वर माती. छपराचा भार मातीवर न येता लाकडावर उतरायचा, म्हणून एखादी भिंत भिजून बसली तरी आढं जागेवर राहायचं. भिंतीची माती तिथेच कालवून परत चढवता येई. सगळ्याच घरांना हे जमलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. ज्याच्याकडे दगडाला आणि सागवानाला पैसा नव्हता, त्याची भिंत थेट जमिनीतून वर यायची आणि पुरात पहिली तीच जायची. मातीच्या घराची बदनामी झाली ती मुख्यतः अशा घरांमुळे.

मोठ्या बांधकामांत जोडणीला चुना असे. चुनखडी भाजायची, विरवायची, मग वाळूबरोबर बैल फिरवायच्या घाण्यात मळायची. काही ठिकाणी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालत. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभा राहिलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळातला, म्हणजे कोल्हापूरला रेल्वे यायच्या आधीचा.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि लांबचा माल आवाक्यात आला. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. एकमेकांत अडकणारी ती चपटी कौलं गावठी कौलांपेक्षा हलकी, आणि माकडांनी विसकटली म्हणून दर पावसाळ्याआधी छप्पर शाकारायची कटकटही कमी. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला, तरी सामान्य माणसाच्या घरात सिमेंट शिरायला स्वातंत्र्यानंतरची काही दशकं जावी लागली.

मातीवरचा विश्वास उडाला तो भूकंपांनी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का या भागानं अनुभवलेला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर स्लॅबचं घर म्हणजेच सुरक्षित घर हे समीकरण पक्कं झालं. सरकारी मोजणीतही मातीच्या भिंतीचं घर कच्चं धरलं जाई. लोक चुकले, असं मी म्हणणार नाही. फक्त लाकडी सांगाड्याचं घर आणि नुसत्या दगड-मातीच्या ढिगाचं घर यांतला फरक या घाईत पुसला गेला.

सिमेंटचं बिल पुढे आलं. क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, करायला भट्टी साधारण १४५० अंश सेल्सिअसवर तापवावी लागते आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. भाजक्या विटेसाठी काठची सुपीक माती जाते. वाळूसाठी नद्या उपसल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली, आणि क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, वापर वाढत गेला. म्हणजे नदीवरचा भार डोंगरावर गेला.

मातीला शास्त्रीय आधार मिळाला तो बंगळूरला. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा गट सुरू झाला. मातीत थोडं सिमेंट मिसळून, यंत्रानं दाबून, न भाजता केलेल्या ठोकळ्यांवर तिथे काम झालं. पण त्याला वाळूचा अंश असलेली माती लागते. आपली काळी माती फुगते आणि तडकते, तिचा ठोकळा करायला जाऊ नये. फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या, विटांचा आग्रह केंद्राच्या १९९९ च्या अधिसूचनेनंतर वाढला. आपल्याला राख मिळणार ती घाटाखालच्या जयगडहून, नाहीतर सोलापूरकडून, म्हणजे वाहतूक धरूनच हिशेब करायचा. गंमत म्हणजे सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलेलं असेल तर बहुधा त्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच असते; पर्यावरणाचं नावही न काढता ती घरोघरी पोचलेली आहे.

मग २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. यातल्या शेवटच्या दोन पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांत पाणी दिवसचे दिवस उभं राहिलं. स्लॅबची घरं उभी राहिली, पण प्लायवूडची कपाटं आणि जिप्समचं काम फेकून द्यावं लागलं. तिथे आजही खाली दगड किंवा काँक्रीटच हवं. मातीचा विचार पूररेषेच्या वर, नाहीतर वरच्या मजल्यावर.

एक साहित्य मात्र गावातच पडून आहे. पेठांमधला वाडा उतरवला की सागवानी तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, घडीव दगडालाही गिऱ्हाईक मिळतं. चुन्यात किंवा मातीत बांधलेली वीट अख्खी सुटते. सिमेंटमधली वीट सुटताना फुटते, आणि तिचा राडारोडा ओढ्याकाठी पडतो.