मोटरवरचा शेवटचा आकडा आधी वाचा

आमच्याकडे छंदाच्या छोट्या रॉकेटची मोटर, म्हणजे दारू भरलेली पुठ्ठ्याची नळी, घ्यायला आलेले बहुतेक जण एकच विचारतात, "जोरातली कुठली?" पण रॉकेट धड परत येणार की नाही, हे नळीवरच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं.

समजा नळीवर 'सी ६-५' छापलंय. 'सी' म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ) ५.०१ ते १० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. आणि ५ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. तेवढा वेळ आतला विलंबाचा मसाला धूर सोडत जळतो आणि रॉकेट मिळालेल्या वेगावर चढत राहतं. आमचं एक जड रॉकेट नाकापर्यंत मातीत रुतलं होतं. मोटरमध्ये दम होता, पण विलंब ७ चा; पॅराशूट निघायच्या आतच ते खाली आलं. जड रॉकेटला छोटा आकडा, हलक्याला मोठा. शेवटी ० असलेली मोटर दोन टप्प्यांच्या रॉकेटमध्ये खाली बसवायची असते, एकट्या रॉकेटला लावू नका.

मोटर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. ताप-गार होऊन दाबून भरलेली दारू पुठ्ठ्यापासून सुटते, पेटल्यावर आग त्या फटीत शिरते आणि नळी फुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून जास्त सांगतोय. पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा.

उडवायला ऊस तुटलेलं रान मोकळं दिसतं, पण पाचटाला एक ठिणगी पुरते. नांगरलेलं रान बघा, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची बाजू सोडून. पेटवायचं विजेच्या बटणानेच, किमान ५ मीटर लांबून. उडालं नाही तर बटणाच्या पेटीची चावी काढा आणि पूर्ण एक मिनिट जवळ जाऊ नका.

घरी दारू ठासून मोटर करायला आम्ही मदत करत नाही. अशा प्रयोगांत पोरांची बोटं जात होती. १९५४ साली तयार मोटरचं रॉकेट बनवणारे अमेरिकेतले ऑर्व्हिल कार्लाइल बुटांचे दुकानदार होते. चपलांच्या कोल्हापुरात हे सांगताना बरं वाटतं.

मोटर आम्ही मोठ्या माणसांच्याच हातात देतो. येताना रॉकेट सोबत आणा. काट्यावर वजन करू आणि कितीचा विलंब लागेल ते सांगू.