पाण्यात कोळसा आला कुठून?

तीन मडकी एकावर एक. वरच्यात गढूळ पाणी, मधल्यात खडी, वाळू आणि कोळसा, खालच्यात थेंब थेंब उतरणारं नितळ पाणी. ही आकृती शाळेच्या वहीत काढता काढता एक समज डोक्यात पक्का बसतो, की हा आपल्याकडचा पुरातन घरगुती उपाय आहे. मडकं आणि वाळू पुरातन खरी. कोळशाबद्दल मात्र मला शंका आहे.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवण्याची सात साधनं दिली आहेत: निवळीचं बी, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाची मुळं, वस्त्र, मोती आणि मणी. शिवाय पाणी उकळावं, उन्हात तापवावं, किंवा तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावं, असंही सांगितलं आहे. कोळसा कुठेच नाही. तरी ‘चार हजार वर्षांपूर्वी भारतीय कोळशातून पाणी गाळत’ हे वाक्य जागोजागी वाचायला मिळतं. आपल्या आज्या-पणज्या घागरीला आतून निवळीचं बी घासत, पुढे तुरटी फिरवू लागल्या, आणि घागरीच्या तोंडाला फडकं तर कायमच असे. त्या फडक्याला कमी लेखू नये. नारू या कृमीरोगाचे जंतू पोटात घेऊन फिरणारे सूक्ष्म जलचर त्यानेच अडत. 2000 साली भारत नारूमुक्त ठरला त्यात या साध्या गाळण्याचा वाटा मोठा होता.

कोळशाचा लेखी धागा सापडतो तो रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या राजऔषधालयात काम करणारा टोबियास लोव्हिट्स 1785 मध्ये टार्टारिक आम्लाचे स्फटिक करत होता. द्रावण तपकिरी पडे. त्यात लाकडी कोळशाची भुकटी पडली आणि रंग उडाला. मग त्याने मध, धान्याची दारू, सडकं पाणी, असं जे हाती येईल त्यावर कोळसा घालून पाहिला. दारू गाळणाऱ्यांनी ही युक्ती लगेच उचलली, यात नवल नाही. पाण्याच्या बाबतीत गरज होती ती जहाजांना. लाकडी पिंपांतलं पाणी काही आठवड्यांत कुजे आणि खलाशी नाक धरून पीत. पिंपं आतून जाळून कोळशासारखी काळी करावीत, ही सूचना बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केली.

इथे ‘कोळसा’ म्हणजे लाकडाचा, आपल्याकडचा लोणारी कोळसा. दगडी कोळसा पाण्यात टाकायचा नसतो. लाकूड कमी हवेत जळलं की आत असंख्य बारीक छिद्रं उरतात आणि पाण्यात विरघळलेले रंग-वासाचे पदार्थ त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. कोळसा पाणी गाळतो त्यापेक्षा त्यातलं काही धरून ठेवतो, असं म्हणणं जास्त बरोबर. ही पकड सगळ्यांवर चालत नाही. पाण्याचा खारटपणा आणि जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड त्यातून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात.

एकोणिसाव्या शतकात या पकडीचा अर्थ भलताच लावला गेला. रोग दुर्गंधीतून होतात असं तेव्हा डॉक्टरही मानत. मग वास घालवणारी वस्तू रोगही घालवणारच! 1854 मध्ये जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने श्वासासाठी कोळशाचा मुखवटा केला तो याच विचारातून. त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपामुळे पटकी (कॉलरा) पसरली. या साथीचा माग काढणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोने नोंदवलेली एक विधवा दूर हॅम्पस्टेडला राहायची. त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडे म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेई. ती पटकीने गेली, म्हणजे चवीला चांगलं पाणीही जीव घेऊ शकत होतं. तरीही पुढची चाळीस वर्षं लंडनच्या दिवाणखान्यांत कोळशाचे शोभिवंत फिल्टर दिमाखात खपत राहिले. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि छावण्यांतून तीन घड्यांची स्वस्त आवृत्तीही निघाली. वहीतल्या आपल्या आकृतीचं कूळ बहुधा तिथलं असावं.

कोळशाची अब्रू गेली ती जंतूंमुळे. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाला जुन्या फिल्टरांतल्या हाडं जाळून केलेल्या कोळशात बारीक किडे पोसले जाताना आढळले. कोळसा सेंद्रिय घाण धरून ठेवतो आणि तीच जीवजंतूंची शिदोरी होते. 1894 मध्ये वुडहेड आणि वुड या संशोधकांनी घरगुती फिल्टर रोगजंतू घालून तपासले. कोळशाचे फिल्टर नापास झाले. पास झाली ती पाश्चरचा सहकारी शांबरलांच्या भाजक्या चिनीमातीची नळी. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल याच घराण्यातली.

कोळसा परतला तो युद्धातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्त्रेय्को याने फार तापलेल्या वाफेने कोळशाची छिद्रं वाढवण्याची रीत शोधली. अशा सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरू शकतो, म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, आघाडीवर विषारी वायू सुटला आणि कोळसा सैनिकांच्या मुखवट्यांत गेला. त्यासाठी नारळाची करवंटी उत्तम ठरली, आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये ती आजही आवडीने वापरतात. पाण्यात क्लोरीन घालणं रूढ झाल्यावर अमेरिकी शहरांत वेगळीच तक्रार आली. कारखान्यांच्या सांडपाण्यातलं फिनॉल आणि क्लोरीन मिळून पाण्याला औषधासारखी चव येई. 1930च्या सुमारास त्यावर कोळशाची भुकटी वापरात आली. जंतू मारायचं काम क्लोरीनचं, चवीचं काम कोळशाचं, अशी वाटणी शेवटी झाली.

हाडांच्या कोळशाची गोष्ट जरा निराळी. तो फ्लोराइड पकडतो आणि आफ्रिकेत काही ठिकाणी वापरलाही जातो. आपल्याकडे हाडातून आलेलं पाणी कोण पिणार? साखर शुभ्र करायलाही हाच कोळसा लागे, आणि स्वदेशीच्या काळात परदेशी साखरेविरुद्ध हाडांचा मुद्दा हिरिरीने मांडला गेला. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 1970च्या दशकात फ्लोराइडवर काढलेलं नालगोंडा तंत्र तुरटी आणि चुन्यावर चालतं.

घरच्या यंत्रात आज कोळसा काय करतो? मुख्यतः महापालिकेने घातलेलं क्लोरीन काढून टाकतो, कारण वास आपल्याला नको असतो. पण तेच क्लोरीन नळापासून हंड्यापर्यंत पाण्याची राखण करत होतं. म्हणून बऱ्याच यंत्रांत जंतू मारणारा अतिनील (यूव्ही) दिवा कोळशाच्या नंतर बसवलेला असतो. नुसतीच कोळशाची नळी नळाला लावली असेल, तर तिच्यातलं पाणी माठात दोन-दोन दिवस साठवू नये. आणि नळी पाण्याला वास येईपर्यंत चालवू नये. वास येऊ लागला, तर ती कधीच भरून गेलेली असते.