दुनळीची रिब आणि कथलाचा डाख : पार्श्वभूमी

आडव्या दुनळी बंदुकीत, म्हणजे दोन नळ्या शेजारी शेजारी असलेल्या बंदुकीत, दोन रिब असतात, एक वर आणि एक खाली. रिब म्हणजे दोन नळ्यांमधल्या खाचेवर लांबीभर बसवलेली धातूची पट्टी. नळ्या मागे जाड, तोंडाकडे पातळ आणि किंचित आत झुकवलेल्या असतात. उजवा बार काढला की बंदूक उजवीकडे सरकते, डावा काढला की डावीकडे. ते सरकणे जमेस धरून दोन्ही नळ्यांचे छर्रे साधारण 40 यार्डांवर एकाच जागी पडावेत, असा तो झुकाव ठेवतात. रिब तो टिकवून धरते.

वरची रिब नेमालाही लागते. चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडणाऱ्या, दुनळ्या खाली मारत, म्हणून लंडनच्या एका नामवंत बंदूककाराने 1806 साली मागे उंच आणि पुढे उतरत जाणाऱ्या रिबचे पेटंट घेतले. पुढे खोलगट, सपाट, चकाकी मोडायला रेघा कोरलेली, मध्ये नळ्यांच्या पातळीखाली उतरणारी अशा तऱ्हा निघाल्या. 1920 च्या दशकात 25 इंची आखूड नळ्यांवर अरुंद, उंच रिब आली. तिच्यामुळे नळी डोळ्याला लांब वाटे.

वाद होता तो रिब जोडायची कशाने, याचा. इंग्लंडमधल्या चांगल्या कारागिरांनी नळ्या मागच्या टोकाला पितळ वितळवून जोडल्या, पण रिबला मात्र कथलाचा डाख (सोल्डर) दिला. युरोपातल्या काही कारखान्यांत रिबही पितळेनेच बसवत. पितळेचा सांधा पक्का, हे कोणीच नाकारत नव्हते. पण त्यासाठी पूर्ण नळी लालभडक तापवावी लागते. थंड लोखंड ठोकून आणलेला कडकपणा त्यात निघून जातो आणि पातळ नळी वाकडी होण्याची भीती असते. कथील 232 अंशांवर वितळते, शिशाचे मिश्रण असेल तर त्याहून कमी तापमानावर. तेवढ्याने नळीला काही होत नाही. ‘कथलाची रिब म्हणजे कच्ची रिब’ हा समज आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी दुनळ्यांच्या रिब आजही हललेल्या नाहीत.

या रिब सुटू लागल्या त्या मुख्यतः नंतरच्या रंगकामामुळे. जुनी पद्धत सावकाश गंजवण्याची होती. नळीला द्रावण लावायचे, गंज धरू द्यायचा, पाण्यात उकळायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि हे अनेकदा करायचे. उकळत्या पाण्याने कथलाला धक्का लागत नाही. 1930 च्या दशकापासून कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या गरम क्षारांत बुडवून काळे करण्याची पद्धत पसरली. ती झटपट होते आणि रंग झळाळतो. ते द्रावण साधारण 140 अंशांवर असते, म्हणजे डाख वितळण्याइतके गरम नसते. पण अल्कली कथील खाऊन टाकते. शिवाय दोन रिबमधल्या पोकळीत क्षार अडकतात आणि बंदूक घरी आल्यावरही आतून गंजत राहते. जुन्या दुनळीला हे रंगकाम करून देणे म्हणजे तिचे नुकसान करणे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे परवान्यावर ‘डीबीबीएल’ (मागून काडतूस भरायची दुनळी) म्हणून नोंदलेल्या कितीतरी इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्या घरोघर आल्या, त्यांना पावसाळ्याची ओलही सोसावी लागते. दोष आधी कडेला दिसतो. रिब आणि नळीच्या सांध्यावर तांबूस रेघ उमटते, ऊब लागली की तिथून तेल पाझरते. खालच्या रिबला पट्ट्याची कडी असेल तर ताण तिथेच येतो. खात्री करायची तर बंदूक रिकामी असल्याचे पाहून नळ्या सुट्या कराव्यात, मागच्या हुकाला दोरी बांधून टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने टिचकी मारावी. सांधा शाबूत असेल तर घंटेसारखा नाद निघतो, सैल असेल तर आवाज बद्द येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये जुन्या नळ्या मागच्या काही इंचांपाशी कापून नव्या बसवण्याची रीत रुळली. अशा बंदुकीवर तशी खूण लागते, आणि रिब पुष्कळदा जुनीच वापरतात. नळ्या मूळच्या ठेवायच्या असतील तर दोन्ही रिब उतरवून, गंज खरवडून, नव्याने कथील चढवावे लागते. काम वेळखाऊ आहे, पण रिबखाली नळीची भिंत गंजाने किती खाल्ली आहे, हे त्याशिवाय कळत नाही. बाहेरून जाडी मोजणारे माप तिथे पोहोचत नाही.