पिल्लाचे खाऊ-खेळ प्रशिक्षण

कुत्र्याच्या पिल्लाने हवी ती कृती केली की लगेच खाण्याचा बारीक तुकडा द्यायचा किंवा मिनिटभर त्याच्याशी खेळायचे, आणि नको ती कृती केली तर त्यातून त्याला काही मिळू द्यायचे नाही, अशा रीतीने त्याला माणसांच्या घरात राहायला शिकवणे म्हणजे खाऊ-खेळ प्रशिक्षण. चापट मारणे, वर्तमानपत्राची सुरळी उगारणे, साखळी हिसडणे यात बसत नाही. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे होऊन घरी आले की त्याच दिवशी सुरुवात करता येते. ‘सहा महिन्यांचे होऊ द्या, मग शिकवा’ हा सल्ला नागपुरात अजून ऐकू येतो. तो साखळी हिसडण्याच्या काळातला आहे. कोवळ्या मानेला ते हिसडे सोसत नसत, म्हणून थांबावे लागे. पनीरच्या तुकड्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

पद्धतीचा पाया कुत्र्यांच्या शाळेत नव्हे, प्रयोगशाळेत घातला गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो. रशियाच्या इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. पण त्यांच्या कुत्र्यांच्या तोंडाला खाणे समोर येण्याआधीच लाळ सुटायची, हे निरीक्षण प्रशिक्षकांच्या अधिक उपयोगी पडले. ‘शाब्बास’ या शब्दामागून दर वेळी खाऊ आला, तर काही दिवसांनी तो शब्दच गोड लागू लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी या विचाराला १९३८ मध्ये शास्त्रीय चौकट दिली, आणि त्यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात ती प्रयोगशाळेबाहेर आणली. खाऊ तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो, आवाजाला लागत नाही, हे त्यांनी हेरले. आज बाजारात मिळणारे ‘टक्’ वाजणारे क्लिकर याच विचारातून आले आहे. क्लिकर नसला तरी अडत नाही. ‘शाब्बास’ तेच काम करते, फक्त ते दर वेळी एकाच सुरात म्हणायला हवे.

ही पद्धत फसते ती बहुधा वेळेच्या चुकीमुळे. पिल्लू बसले, मालक खिशात हात घालतो, प्लास्टिकची पिशवी चुरचुरवतो, गाठ सोडतो, तुकडा काढतो. तोवर पिल्लू उठून पिशवीवर झेपावलेले असते आणि खाऊ मिळतो तो झेपावण्याबद्दल. आठवडाभर असे चालले की ‘आमचे पिल्लू हावरट आहे’ अशी तक्रार सुरू होते. तुकडे आधी कापून कमरेच्या उघड्या बटव्यात किंवा वाटीत ठेवावेत.

दुसरी चूक आमिष आणि बक्षीस यांची गल्लत करण्याची. बसायला शिकवताना तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे नेतात. नाक वर जाते, तोल मागे जातो, ढुंगण आपोआप जमिनीला टेकते. टेकताक्षणी ‘शाब्बास’, आणि तुकडा तोंडात. इथे खाऊ आधी दिसला, म्हणून तो आमिष. पाच-सात वेळा असे झाल्यावर तोच हात रिकामा न्यायचा आणि तुकडा बसल्यानंतर दुसऱ्या हाताने द्यायचा; आता तो बक्षीस झाला. ही पायरी गाळली की ‘हातात काही असेल तरच ऐकतो’ असा कुत्रा तयार होतो. लाच आणि पगार यांतला फरक हाच आहे, आणि खाऊने कुत्रे बिघडते म्हणणाऱ्यांनी बहुधा लाचच पाहिलेली असते. कृती पक्की झाली की खाऊ दर वेळी द्यायचा नाही. कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या. बेभरवशाच्या बक्षिसावर सवय जास्त टिकते.

नागपूरच्या घरांत शब्दांचा एक खास घोळ होतो. आजी म्हणते ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, कामवाल्या बाई म्हणतात ‘बैठ’. पिल्लाला भाषा येत नाही, आवाज येतो. तीन आवाज म्हणजे तीन वेगळे धडे. त्यात ‘बस’ तर दुधारी. मराठीत त्याचा अर्थ खाली बस, आणि शहरभर चालणाऱ्या हिंदीत ‘पुरे’. पिल्लू हात चाटू लागले की पाहुणा हसत ‘बस बस!’ म्हणतो आणि ते अधिकच चाटते. म्हणून ‘सिट’ वापरणाऱ्यांना इंग्रजाळलेले म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. या शहरात तो शब्द निदान दुसऱ्या कशाशी गोंधळत नाही. कोणताही शब्द चालेल, पण तो एकच असावा आणि फ्रिजवर लिहून लावावा. शब्दापेक्षा हाताची खूण पिल्ले लवकर उचलतात. ‘ये’ या शब्दाला मात्र विशेष जपावे लागते. ‘ये’ म्हणून बोलावले आणि न्हाणीघरात नेऊन अंगावर पाणी ओतले, की पुढच्या वेळी ते सोफ्याखालून बघत बसते.

खाऊ मऊ, वासाचा आणि तुरीच्या दाण्याएवढा असावा. उकडलेले चिकन, कलेजी, अंडे. शाकाहारी घरांत पनीर, उकडलेले रताळे, गाजर, काकडी. उन्हाळ्यात बिया काढलेले टरबूज बहुतेकांना आवडते. संत्र्याची सोललेली फोड विषारी नाही, पण सालीच्या वासाने बरीच कुत्री नाक फिरवतात, आणि संत्रा बर्फी म्हणजे नुसती साखर. सावजी रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याची युक्तीही चालत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात आणि शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या निघतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम पूर्ण वर्ज्य. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊतून जाऊ नये. लॅब्रॅडॉर असेल तर रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून त्यावर शिकवणे उत्तम.

पोट भरलेल्या किंवा खाण्यात फारसा रस नसलेल्या पिल्लाला खेळ हेच बक्षीस. चेंडू आणणे, पडद्यामागे लपून हाक मारणे, टॉवेलच्या घडीत तुकडा दडवून वासाने शोधायला लावणे, आणि सर्वांत लाडकी ओढाओढी. ओढाओढीने कुत्रा डोक्यावर बसतो, त्याला जिंकू देऊ नये, अशी समजूत आहे. ब्रिटनमध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, माणसाशी ओढाओढीत जिंकल्याने कुत्रा वरचढ झाल्याचे आढळले नाही. उलट या खेळात ‘सोड’ फुकटात शिकवता येते. जुन्या सुती साडीची वेणी घ्यावी, पिल्लू एका टोकाला लोंबकळत गुरगुरू लागले की आपले टोक ढिले सोडून हात स्थिर ठेवावा. ओढायला कोणी उरले नाही की काही क्षणांत दात सुटतात. त्या क्षणी ‘सोड, शाब्बास’, आणि वेणी लगेच परत त्याच्याच तोंडात. सोडले तर खेळ संपत नाही, पुन्हा सुरू होतो, हे त्याला कळले की चोरलेला मोजा परत मिळवायला घरभर पळावे लागत नाही. धडा संपल्यावर खेळणे हेही लाभाचे दिसते. २०१७ च्या एका अभ्यासात शिकल्यानंतर अर्धा तास खेळलेल्या लॅब्रॅडॉरांना दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करायला, विश्रांती घेतलेल्यांपेक्षा कमी प्रयत्न लागले. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. तोवर हात हे खेळणे होऊ द्यायचे नाही. दात लागले की खेळ थांबवून त्याच्या तोंडात वेणी द्यायची.

वयाचा प्रश्न लसीशी अडतो. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पिल्लाला जगाची ओळख सहज होते ती तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात. पार्व्हो वगैरे विषाणूजन्य रोगांवरच्या लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. यावर वाट अशी, की पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घ्यायचे. फुटाळा तलावाच्या काठावरची गर्दी, वर्धा रोडवर डोक्यावरून जाणारी मेट्रो, हेल्मेट घातलेला माणूस. प्रत्येक नव्या गोष्टीमागे एक तुकडा. लसीचे वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्यावे.

हवामान वेळापत्रक ठरवते. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेववत नसेल, तर ते पंजांनाही सोसणार नाही. सकाळी सहाच्या आत अंबाझरी तलावाकडे, बाकी धडे घरात कूलरसमोर; तीन-तीन मिनिटांचे, दिवसातून चार-पाचदा. पिल्लाचे लक्ष एरवीही याहून जास्त टिकत नाही.

शहरातली खरी परीक्षा आवाजाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि नंतर दिवाळी. तयारी महिनाभर आधीपासून करतात. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावायचा, लगेच पनीर, आवाज बंद, पनीरही बंद. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. क्रम आवाज आधी, खाऊ नंतर असाच हवा. उलटे झाले, म्हणजे खाऊ दिसला आणि मग धमाका झाला, तर दोन-चार दिवसांत पिल्लू पनीरची वाटी पाहूनच पलंगाखाली जाऊ लागते.